एक नंबर मोठी मेमरी

रविवार, एकोणीस जानेवारी. रक्कम दोन हजार चारशे रुपये, पाकिटात घालून, वर 'लॅपटॉप' असं लिहून कपाटाच्या खणात ठेवलेली. हजर माणसं तीन, माझी बायको, माझी मुलगी आणि माझे साडू. मी हजर नव्हतो. बोरीच्या शेतात कांद्याला पाणी देत होतो, आणि जे झालं ते तेवढ्याचमुळे झालं. इतक्या खात्रीने चुकीची वस्तू आणणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत दुसरा सापडणार नाही, हे मी रागाने लिहितो आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, महाळुंगे पडवळचे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. कुठलीही वस्तू लागेल त्यापेक्षा एक नंबर मोठी घ्यायची, हा त्यांचा नेम. विहिरीवर तीन एचपीची मोटर पुरत असताना त्यांनी पाचची बसवली. ती बघता बघता विहिरीचा तळ दाखवते आणि मग दाजी काठावर बसून पाणी चढायची वाट बघतात. पाय आठ नंबरचा, चप्पल नऊ नंबरची. ते येताहेत हे रस्त्याच्या वळणावरूनच ऐकू येतं. माझ्या लग्नात त्यांनी आहेर केलेला शर्ट मला आज पोट सुटल्यावरही ढगळ होतो. एकदा विचारलं तर म्हणाले, "पावणं, मोठं असलं तर आवळता येतं. ल्हान असलं तर काय ताणीत बसायचं का?" कापडापुरतं हे ठीक आहे. पण हा माणूस हाच नियम घेऊन माझ्या मुलीच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचला.

मुलीची सोमवारी अकरा वाजता पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखत होती, घरूनच, व्हिडिओवर. आठ महिन्यांत आलेलं हे पहिलं बोलावणं. लॅपटॉपला मेमरी चार जीबी. व्हिडिओ लावला की समोरच्याचं तोंड उघडं राहून चित्र थांबायचं. घरातले दोन्ही फोन त्याहून म्हातारे. मी तीन दुकानांत विचारून कागदावर मांडलं होतं, लॅपटॉपच्या मेमरीचा प्रकार, वेग, आठ जीबीचा भाव. दुपारी आळेफाट्याला जाऊन आणायची, इतकं सरळ काम. कागद पाकिटातच होता.

शेतातून परत आलो तर लॅपटॉप ओट्यावर पालथा, स्क्रू वाटीत, आणि मुलगी भिंतीला टेकून बसलेली. बायको म्हणाली, "दाजी आले होते. म्हणाले, मी फाट्यालाच चाललोय, घेऊन येतो. नमुना पायजे म्हणून आतली पट्टी काढून नेली."

आमच्याकडे बेअरिंग आणायचं तर जुनं बेअरिंग खिशात घालून नेतात, वॉशर आणायचा तर जुना वॉशर. तसंच दाजींनी मेमरीची पट्टी शर्टाच्या खिशात टाकली, तंबाखूच्या पुडीशेजारी. पुडीसोबत चुन्याची डबी होती आणि तिचं झाकण सैल होतं, कारण तेही एक नंबर मोठं.

दोनला चपला वाजल्या. दाजींनी पिशवीतून अर्ध्या वितेहून थोडी लांब अशी पट्टी काढली. जुनी तिच्या निम्मी.

"दाजी, ही टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरची आहे!" मी ओरडलो.

"दुकानदार बी तेच म्हनत व्हता. म्हनलं, दे तू. आरं, नमुना ल्हान व्हता म्हनून तर लॅपटॉप आडतोय! सोळा जीबी हाय राव. चौदाशे मी पदरचे घातलेत."

"कागद वाचला का तुम्ही?"

"त्यात आठ लिवलं व्हतं," दाजी मला धीर देत म्हणाले.

मग त्यांनी कानस मागितली. पट्टी थोडी घासून बसते का बघायला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. जुनी पट्टी परत घातली तर चुन्यामुळे लॅपटॉप सुरूच होईना. दुकानाच्या पावतीवर छापलेलं होतं, विकलेला माल परत नाही. फोन केला तर दुकानदार म्हणाला, रविवारी दोननंतर फाट्यावरची ही सगळीच दुकानं बंद, उघडणार सोमवारी अकरानंतर. "दाजी, पोरीचं बोलावणं घालवलंत तुम्ही," मी म्हणालो. ते चपला हातात घेऊन गेले. बिनआवाजाचे दाजी मी पहिल्यांदाच पाहिले.

सोमवारी साडेदहाला ते दारात. मी उठलोही नाही. त्यांनी मुलीपुढे आपला फोन धरला. बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घेतलेला, दुकानातला सगळ्यात मोठा, बारा जीबी मेमरीचा. "ह्यो आडकत न्हाई बघ."

फोन डब्याला टेकवला तर घसरायचा. तेव्हा दाजी टोमॅटोचं क्रेट पालथं घालून मुलीसमोर बसले आणि फोन दोन्ही हातांनी छातीशी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. चाळीस मिनिटं. मी दारातून बघत होतो. तंबाखू नाही, खोकला नाही. इंग्रजीचं एक अक्षर न कळणारा तो माणूस तिच्या प्रत्येक उत्तराला मान हलवत होता. एकदा ती अडली, तर फोनच्या वरून तिच्याकडे बघून त्यांनी जरा जास्तच जोरात हलवली, आणि ती पुढे बोलू लागली. चित्र एकदाही थांबलं नाही. संपल्यावर त्यांची बोटं सरळ होईनात.

नोकरी लागली. मुलगी आता पुण्यात राहते. रविवारी ती दाजींना व्हिडिओ लावते, कारण माझ्या फोनवर तिचं तोंड उघडं राहून थांबतं. मग दाजी मोटरसायकल काढून बोरीला येतात, आणि ओट्यावर बसून आम्ही दोघं त्यांच्या फोनमध्ये तिला बघतो. मी अजून त्यांच्याशी मोजकंच बोलतो.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आळेफाट्याच्या दुसऱ्या दुकानात आठ जीबीची पट्टी घेतली. जुनीवरचा चुना तिथल्या बाईंनी खोडरबरने घासून काढला, त्याचं काही घेतलं नाही. बाईंना रोख दिले दोन हजार दोनशे पन्नास. दाजींचे चौदाशे पाकिटात घालून त्यांच्या घरी नेले होते, ते दाजींनी घेतले नाहीत. ती लांब पट्टी तेवढी मागून घेतली, नमुना म्हणून.