दोन बोटं खाली

आमचे काका शिंपी. गेली चाळीस वर्षं कोट शिवतायत आणि या चाळीस वर्षांत आपलं काही चुकलं असं त्यांनी एकदाही कबूल केलेलं नाही. कोट घट्ट झाला तर गिऱ्हाईक सुटलं. सैल झाला तर त्यानं डॉक्टरला दाखवून यावं. वर्षभरात एका वकिलाचा आणि एका बँकेतल्या साहेबांचा असे दोन कोट परत आले. तक्रार एकच : उजव्या खांद्याला ओढतो.

"कोट बरोबर आहे, तुमचा खांदा वर आलाय," काकांनी दोघांनाही ऐकवलं. "फोन मानेत धरून बोलणं बंद करा."

दोघंही खजील होऊन कोट घेऊन गेले. शिकलेल्या माणसांना खजील करणं हा काकांचा आवडता जोडधंदा.

काकांची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक त्यांच्या अंगलटीचं असलं, की कच्च्या टाक्यातला कोट ते आधी स्वतः चढवतात, डोळे मिटून उभे राहतात आणि जिथं खुपेल तिथं खडूनं खूण करतात. "कोट आरशात बघायचा नसतो, अंगाला विचारायचा असतो." दुकानात मोठा आरसा आहे, पण त्यात ते गिऱ्हाईक बघतात. स्वतःला बघतात ते दाढीपुरतं.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला आरसा लावायला बोलावलं. काकूंची जुनी मागणी होती. "तीस वर्षं घरात गळ्यापर्यंतच बघतेय स्वतःला. खाली काय चाललंय ते एकदा कळू दे की." आतल्या खोलीच्या दाराला पुरुषभर उंचीचा आरसा लावायचा होता. खोलीत खुंटीवर हेडसरांचा कोट तयार होता. हेडसर दुसऱ्या दिवशी निवृत्त होणार होते आणि पाच वाजता कोट न्यायला येणार होते. तेही काकांच्याच अंगलटीचे.

मी स्क्रूनं क्लिपा पक्क्या केल्या, आरसा बसवला. काका पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गाढवा, वाकडा लावलास. उजवीकडून दोन बोटं खाली घे."

"काका, पट्टी लावून मोजलंय."

"चाळीस वर्षं माझी नजर चुकली नाही, तुझी पट्टी कालची."

मी स्क्रू काढले, उजवी बाजू दोन बोटं खाली घेतली. काकांनी आपले खांदे आरशाच्या वरच्या कडेशी जुळवून पाहिले. "आता कसा! शीक जरा."

तेवढ्यात काकू हात पुसत आल्या आणि थबकल्या. "अहो, हे काय? आरसा पडतोय की दार?"

"सरळ आहे तो."

"सरळ? मग मी कधीपासून कलले?"

काकांनी शिवणाच्या पेटीतून दोरा काढला, टोकाला कात्री बांधली आणि आरशाच्या कडेला ओळंबा धरला. कात्री हलायची थांबली. दोरा वरच्या कोपऱ्यापाशी कडेला टेकला होता आणि खाली कडेपासून चांगला वीतभर लांब लोंबत होता.

मी आरसा पहिल्या जागी आणला. आता दोरा कडेला चिकटून उतरला. काका पुन्हा समोर उभे राहिले. आरसा सरळ, दार सरळ, आणि मधे काका. त्यांचा उजवा खांदा दोन बोटं खाली. चाळीस वर्षं दुकानातली जड इस्त्री त्याच हातानं उचललेली.

"हा कोण?" ते म्हणाले.

मला हसू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पाहिला आणि ते पळालं. काकांनी हेडसरांचा कोट घातला. त्यांच्या अंगावर तो कसा बसला होता! कुठं सुरकुती नाही. मग त्यांनी तोच कोट मला चढवला; अंगलट माझीही तीच. माझ्या उजव्या खांद्याला असा ओढला, जणू कुणी मागून बखोट धरलंय.

काका खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे तो वकील..."

"हो," मी म्हणालो.

"आणि बँकेतले..."

"अहो, पाणी घ्या," काकू म्हणाल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढ्या हळू बोलताना ऐकलं. "कोट उसवता येतो."

"कोट उसवेन गं. पण मी लोकांना त्यांच्या तोंडावर वाकडं म्हणालो."

पाचाला हेडसर आले. काकांनी त्यांना नव्या आरशासमोर उभं केलं, कोट घातला, आणि म्हणाले, "सर, उजवा खांदा चुकलाय. माझ्याकडून." चाळीस वर्षांत पहिल्यांदा. हेडसरांना त्याचं काहीच वाटलं नाही. काकूंनी मात्र दाराची कडी धरली. काकांनी हेडसरांच्याच अंगावर कोटाला खुणा केल्या, डोळे सताड उघडे ठेवून. "सकाळी नऊच्या आत घरपोच करतो."

ते गेल्यावर काका शिवण उसवायला बसले. मान वर न करता मला म्हणाले, "सायकल काढ. वकिलांकडं जा, मग बँकेतल्या साहेबांकडं. कोट मागून आण."

"काय सांगू?"

काकांनी आणखी एक टाका उसवला.

"सांग, शिंप्याचाच खांदा पडलाय. आणि म्हणावं... फोन कसाही धरा."