शोकेसमधला ससा

डांबरगोळ्यांचा वास आला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरोघरी रंगीत टीव्ही येत होते तेव्हाची गोष्ट. पाटोद्याला नणंदेच्या मुलीच्या बारशासाठी मी लोकरीचा ससा विणला होता. एक कान लांब झाला म्हणून उसवून पुन्हा विणला, पोटात शेतातलाच सरकी काढलेला कापूस भरला. पोरीनं ओढला, चघळला तरी टिकावा म्हणून टाके घट्ट घातले. दिवाळीला गेले, तर ससा टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत डांबरगोळ्या, आणि काचेला कुलूप! रांगती पोर काचेवर हात आपटून रडत होती. "अगं, दे की तिला!" मी म्हणाले. "कावून? लई भारी वस्तू हाय वैनी, खराब करंल ती," नणंद कौतुकानं बोलली. "वस्तू न्हाई, खेळणं हाय ते!" मी ओरडले, तर सगळे हसले. परवा त्याच पोरीचं लग्न झालं. रुखवतात ससा मांडलेला, पिशवीसकट. "बघा वैनी, अजून नवाच्या नवा!" नणंद म्हणाली. तेवढ्यात नवरीनं वाकून मला विचारलं, "मामी, ह्यो ससा कुणाचा?" मी भर मांडवात ती पिशवी टराटरा फाडली.