मोंबासाहून लिहिलेली दोन पत्रं

"ब्लॅकवॉटर फीव्हर आहे," डॉक्टर म्हणाले. दादाची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली होती, ती बाटलीत पाहूनच त्यांनी सांगितलं. जुन्या हिवतापातून हा ताप उलटतो. रक्त आतल्या आत फुटतं आणि लघवीवाटे जातं. मूत्रपिंडं चालत राहिली तर माणूस वाचतो.

आम्ही दोघे भाऊ पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, मोंबासाला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मला तिकडे दादानेच नेलं. घरी आई आणि वहिनी.

पाच दिवस मी इस्पितळाच्या बाकावर काढले. किती पाणी पोटात गेलं आणि किती बाहेर आलं, हे मोजून सांगायचं काम माझ्याकडे होतं. चौथ्या दिवशी बाहेर काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी दादा गेला. आषाढ चालू होता.

परमुलखात राहणाऱ्या हिंदी माणसाचं मरणही तिथल्या कचेरीत नोंदवावं लागतं. गोव्याचा एक कारकून होता, भला माणूस. नाव, बापाचं नाव, गाव पोलादपूर, तालुका महाड, जिल्हा कुलाबा. एक नक्कल जिल्ह्याला जाईल म्हणाला. मी सही केली. पाव तासात काम उरकलं.

घरी मात्र मी लिहिलं, 'दादाची तब्येत जास्त आहे.'

आमच्याकडे मेल्याचा निरोप असाच देतात. 'जास्त आहे' म्हटलं की माणसं मनात समजून निघतात आणि दारात पोचल्यावर रडतात. पण समुद्रापलीकडे निघणार कोण? वाडीत मास्तरांनी पत्र वाचलं आणि वहिनीने अक्षरशः तेवढंच ऐकलं. तिचं उलट पत्र आलं, 'आता उतार आहे का?' तेव्हा तरी खरं लिहायचं. मी भित्रा. लिहिलं, 'अजून तसंच आहे.'

पुढे ती नक्कल महाडच्या कचेरीतून पोलीस पाटलाच्या हाती आली. मास्तरांनी मला कळवलं, पाटील म्हणतो दादा गेला, वहिनी म्हणते भावजींचं पत्र त्या तारखेच्या नंतरचं आहे, साहेबाच्या कागदात चूक असेल. खरं काय ते लिही.

तिसरं पत्र लिहायची मला लाज वाटली. रजा काढून बोट धरली. मुंबई, बाणकोट, तिथून लाँचने दासगाव, पुढे महाडवरून पायी. वाट संपू नये असं वाटत होतं.

वहिनी अंगणातच होती. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा. माझ्या मागे पाहत म्हणाली, "ते खालीच ऱ्हायलं काय, भावजी? चढ झेपंना?"

"दादा नाय, वहिनी. आषाढातच गेला. कागद खरा हाय."

ती खाली बसली.

"मग इतकं सोमवार मी कुनासाठी धरलं?"

तुमच्यावर अशी वेळ आली तर गेला असंच लिहा. वाचणाऱ्याला तेव्हाच रडू द्या. मी वहिनीचं चार महिन्यांचं रडणं अडवून ठेवलं होतं.

तिने डोळे पुसले नाहीत. घराकडे बोट केलं.

"आयेला आता तुमीच सांगा. मोठ्यानं सांगा, तिला ऐकाया कमी येतं."

मी आत गेलो. तीनदा सांगावं लागलं.