शेवग्याचा पाला

ती घटना आठवली की आजही खिचडीचं ताट मी बाजूला सारतो. निवृत्तीआधी मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचंही नाही.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात फोन आला. "साहेब, शाळेतली स्वयंपाकीण पोरांच्या खिचडीत कसली तरी हिरवी पूड टाकती. काय बरंवाईट झालं तर?" बोलणारे शाळा समितीचे अध्यक्ष होते, गावातले किराणा दुकानदार. प्रश्न पोरांचा होता. स्टेशन डायरीत नोंद करून, महिला शिपाई सोबत घेऊन मी निघालो. स्वयंपाकघरात पुडीचा डबा सापडला. पंचनामा केला, नमुना सीलबंद केला आणि साठीच्या त्या बाईंना चौकशीसाठी जीपमध्ये बसवलं. अर्धं गाव शाळेच्या भिंतीशी उभं राहून बघत होतं.

ठाण्यात मी विचारलं, "मावशी, पूड कसली?"

"शेवग्याचा पाला हाय साहेब. वाळवून कुटलाय."

"कुणी सांगितलं टाकायला?"

त्या दाराकडे बघू लागल्या. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. त्यांनी पदर तोंडाशी घेतला, एवढंच.

तेवढ्यात अध्यक्षांचा पुन्हा फोन. "कबूल झाली का?" दुपारपर्यंतचा हा तिसरा. खबर देणारा माणूस सहसा एकदा सांगून अंग काढून घेतो. ह्याला एवढी घाई कशाची, हे मला खटकलं. मी बाईंसाठी चहा मागवला आणि वेगळं विचारलं, "पाला टाकायची वेळ का आली?"

"डाळच न्हाय साहेब. निम्मा महिना नुसतं हळदीचं पाणी. डाक्टरीणबाई तपासून म्हणल्या, पोरींच्या अंगात रगत न्हाय. माझ्या दारात शेवगा हाय, म्हणून टाकला. परवा तपासणीवाल्या साहेबांनी विचारलं, पाला कशाला? तवापासून अध्यक्ष बिथरलेत. डाळीचं बोललीस तर कामावर येऊ नको म्हणले."

मी तडक शाळेत गेलो. खिचडी वाढण्याआधी शिक्षकानं चाखून सही करायची वही मागितली. तीत पुढच्या दोन दिवसांच्या रकान्यांतही 'चव उत्तम' लिहून सह्या झालेल्या होत्या. अध्यक्षांच्या दुकानामागच्या खोलीत शाळेची डाळ सापडली. गुन्हा दाखल झाला. नमुन्याचा अहवाल पुढे आला: शेवग्याची पानं, अपायकारक काही नाही.

अध्यक्ष जामिनावर सुटले, दुकान पुन्हा उघडलं. समितीनं मात्र ठराव केला, पोलिसांनी नेलेल्या बाईच्या हातचं पोरांना नको. अहवाल घेऊन मी स्वतः समजवायला गेलो. एक सदस्य शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर नेलं होतं तिला." मी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठलो.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करावी, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या दिवशी तेवढं पाळलं असतं, तर त्यांची चूल विझली नसती. गुन्हा उघडकीस आणल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी भिंतीवर लावलेलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. शाळेत जेवणाची सुट्टी होती. पोरांच्या ताटात तेच पिवळं पाणी, डाळीचा दाणा शोधावा लागत होता. तिथून बाईंच्या घरी गेलो. दारातला शेवगा पाल्यानं लवला होता. त्या डहाळ्या तोडून शेळ्यांपुढे टाकत होत्या. मला ओळखून त्यांनी बसायला पाट दिला. मी पाल्याकडे बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"पोरांला चालत न्हाय म्हणले," त्या म्हणाल्या, "शेरडं खात्यात."