पयले मशीन, मंग ओवा

पंगत बसली, वाढपी भात घेऊन निघाले की वहिनी उठायच्या. पदर डोक्यावर ओढायच्या, तळहात छातीवर आपटायच्या आणि म्हणायच्या, “इथं दुखलं तं पयले मशीन, मंग ओवा.” तेरवी असो की बौद्ध घरचं पुण्यानुमोदन, आमच्या कोंढा गावाच्या आसपास तुम्ही कुठंही पंगतीला बसला असाल, तर त्या तुम्हालाही दिसल्या असतील.

पुढचं त्या खाली बघून सांगत. “माह्या मालकाले भरदुपारी कळ आली. गॅस हाय म्हणून म्या ओवा देल्ला, सोडा देल्ला, छातीले तेल चोळलं. उन्हं उतरल्यावर नेऊ म्हटलं. उन्हं उतरली, मालक नाई उरले.”

त्यांचे मोठे दीर पंगतीत असले की पदर आणखी पुढं यायचा आणि आवाज आणखी मोठा व्हायचा. दीर ताटातून डोकं न काढता म्हणत, “बसवा रे तिले कोणी.” वहिनी बसत नसत.

मी शेजारी, त्यातून शाळामास्तर, म्हणून शहाणपण शिकवायला गेलो. “वहिनी, लोक जेवायला आलेत.”

“जेवू द्या ना, गुरुजी. जित्ते हायत म्हणून जेवतात.”

मळणी आली की बाई पायली घेऊन खळ्याखळ्यावर हजर. गावच्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन हवं, म्हणून प्रत्येकानं पायलीभर धान द्यायचं. एकानं सुनावलं, “सरकारचं काम सरकारले करू द्या, बाई.” वहिनींनी पायली त्याच्या ढिगात खुपसली. “सरकारले छाती नाई. तुमाले हाय.”

मी हसलो होतो, हे लपवत नाही. तीन मळण्या गेल्या आणि मशीन आलं.

पुढच्याच वर्षी शाळेत माझ्या छातीत कळ उठली. घरी आलो आणि, खोटं कशाला बोलू, ओव्याचा डबा उघडला. वहिनींनी कुंपणावरून पाहिलं. आत आल्या आणि डबा हिसकावून अंगणात फेकला. “काहून थांबून राहिले? मराचं हाय का?” मला ओढतच गावच्या दवाखान्यात नेलं. मशीनच्या कागदावर डॉक्टरांना हृदयाचा झटका दिसला आणि मला वेळेत भंडाऱ्याला हलवलं. आज हे लिहितोय ते त्यांच्यामुळे.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी काविळीनं गेल्या. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत होतं. नसतं, तर त्याच्याशीही त्या भांडल्या असत्या. मला त्यांची फार आठवण येते.

त्यांच्या तेरवीला, आज त्यांच्या जागी आपण बोलायचं, असं ठरवून मी गेलो. भात निघाला. मी उठणार, तेवढ्यात समोरच्या ओळीत काठी टेकत मोठे दीर उभे राहिले.

“ओवा म्या आणला होता,” ते म्हणाले. “हे बाई त्याले दवाखान्यात न्याले निंगाली होती. उन्हं उतरू दे म्हणून म्याच थांबवलं. इतकी वर्सं तिनं सारं आपल्या अंगावर घेतलं. माहं नाव नाई घेतलं.”

वाढपी जागीच थांबले. म्हाताऱ्यानं तळहात छातीवर ठेवला.

“इथं दुखलं तं पयले मशीन,” ते म्हणाले आणि पुढचं त्यांना बोलवेना. ते तसेच उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.