दोन गोलकीपर

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या पाच जुलैला संध्याकाळी, भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर दोन-एकने हरवलं. विद्यानगरच्या आपल्या दोन खोल्यांत जयवंता बिरादार फोनवर तो सामना बघत होत्या. शिट्टी वाजली तशा त्या उठून टाळ्या वाजवू लागल्या. चार-पाच टाळ्यांनंतर रिकाम्या घरातला तो आवाज त्यांनाच नकोसा झाला.

त्या दार उघडून बाहेर आल्या. समोरच्या फ्लॅटमधली स्नेहा, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, कानात इयरफोन घालून कुलूप काढत होती.

"जिंकलो गं आपण!"

"इतक्यात? टेस्ट उद्या संपणार ना काकू?"

"क्रिकेट नव्हे, फुटबॉल. मुलींचं. आशिया कपला गेलो आपण, पात्रता फेरी जिंकून. पहिल्यांदा!"

"अरे वा, मस्तच," स्नेहा हसली आणि आत गेली.

हे सांगायचं हक्काचं माणूस एकच होतं, त्रिवेणी. ती त्याच वर्षी जानेवारीत वारली.

दोघी नारायणगुड्यातल्या एकाच शाळेतल्या, आणि दोघीही गोलकीपर. त्यामुळे अर्धा सामना एक, अर्धा दुसरी अशी वाटणी. बायकांचं फुटबॉल तेव्हा मोठ्या आशियाई महासंघाच्या खिजगणतीतही नव्हतं. बायकांची आशियातली संघटनाच वेगळी होती. महासंघाने तिला आपल्यात घेतलं ते १९८६ साली. त्याच्या काही वर्षं आधी दोघींना आशियाई स्पर्धेच्या निवड शिबिराला बोलावणं आलं. तिसऱ्याच दिवशी जयवंताचं मनगट मोडलं. शिबिर संपलं त्या संध्याकाळी त्रिवेणी ट्रंक भरून समोर उभी राहिली. "माझंही नाव नाही आलं. चल घरी."

पुढे त्रिवेणीचं लग्न झालं, ती शहरातल्याच कोठी भागात राहायला गेली. जयवंताने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. पण आशियातल्या कुठल्याही संघाचा मोठा सामना असला की त्रिवेणी बस पकडून येई. २०११ला जपानच्या मुलींनी अमेरिकेला हरवून विश्वचषक घेतला तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. "आपल्या आशियात आला गं कप!" त्रिवेणी म्हणत राहिली, जणू तो कोठीच्या बाजारातच येणार होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. जयवंता कोठीला त्रिवेणीच्या घरी गेल्या. तिच्या नवऱ्याने, केशवरावांनी, स्वतः चहा केला. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस फुटबॉलच्या वाटेला कधी गेला नव्हता.

"काल जिंकलो आपण," जयवंता म्हणाल्या. "कुणाला सांगावं कळेना, म्हणून आले."

"बरं केलं. ती असती तर नाचली असती." केशवरावांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "तिला एक गोष्ट लागून राहिली असेल, असं मला नेहमी वाटायचं. निवड होऊन खेळायला न मिळणं म्हणजे..."

"निवड कुठे झाली होती तिची?"

केशवरावांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"नाव आलं होतं, जयाताई. यादीत होतं. पण तुम्हाला प्लॅस्टर, ताप चढलेला, आणि सोबत यायला कुणी नाही. एवढ्या लांब एकटीला कसं पाठवू म्हणाली. लग्नानंतर मला सांगितलं, तेही शपथ घालून. आता ती नाही, म्हणून तोंडून गेलं."

"मला विचारायचं तरी!" जयवंतांचा आवाज चढला. "मी गेले असते एकटी. मरत नव्हते मी!"

"हौ," केशवराव म्हणाले. "मीही तिला हेच म्हटलं होतं."

चहा तसाच टाकून त्या निघाल्या. कितीतरी दिवस त्या रागातच होत्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मनातल्या मनात भांडत. पंचेचाळीस वर्षं माझ्यासमोर बसून सामने बघितलेस आणि एकदाही बोलली नाहीस? भांडण रंगात यायचं आणि मग लक्षात यायचं, पलीकडून उत्तर येणार नाही. तेव्हा त्या चिरायचं थांबवून नुसत्या बसून राहत.

ऑगस्टमध्ये त्यांच्या जुन्या शाळेने मुलींच्या फुटबॉल संघाला चार शब्द सांगायला त्यांना बोलावलं. दरवर्षीचं भाषण ठरलेलं होतं : आम्ही दोघी शिबिराला गेलो, निवड झाली नाही, पण जिद्द सोडली नाही. यंदा त्या माइकपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्रिवेणीची निवड झाली होती. माझी नाही. ती माझ्यामुळे खेळली नाही, आणि हे मला गेल्या महिन्यात कळलं."

पुढच्या रांगेतली ग्लोव्ह्ज घातलेली एक धिटाईने म्हणाली, "मॅडम, मग दोघींत चांगली कोण होती?"

"ती," जयवंता म्हणाल्या. "उंच बॉलला माझे पाय जमिनीवरून सुटायचे नाहीत. तिचे सुटायचे."

टाळ्या झाल्या. समोसे आले तशा मुली तिकडे धावल्या. हेडमास्तरीणबाई शाल घेऊन फोटोसाठी त्यांना शोधू लागल्या, तोवर जयवंता चपला घालून बस स्टॉपवर पोहोचल्या होत्या.