ओळखीचे दात

भोरच्या दाताच्या डॉक्टरांनी नमुन्याच्या दातांची पट्टी समोर धरली, तेव्हा सगळ्यांत पांढऱ्या दातावर माझं बोट होतं. बायकोने ते अलगद बाजूला केलं.

“इतके पांढरे नकोत. लग्नातल्या बँडवाल्यासारखे चकचकीत दिसतील हे. जरा पिवळट द्या, म्हंजी माझ्या वळखीचे वाटतील.”

डॉक्टर हसले. कवळी तिच्या पसंतीची झाली.

ती घेऊन आम्ही वेल्ह्याला परत आलो. पहिले काही दिवस हिरड्या चुरचुरत, तोंडात दुसऱ्याचंच काही ठेवल्यासारखं वाटे. जिभेला सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. मी वर्तमानपत्र वाचायचो, ती तांदूळ निवडत ऐकायची. मी अडखळलो की मान वर न करता म्हणायची, “हळू. कुठं पळतंय ते?” मरणाच्या बातम्या मात्र ती मला वाचू द्यायची नाही.

मग एका सकाळी ती चुलीपाशी बसली ती उठलीच नाही.

मी कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवली आणि पुढचे काही दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. सुतकात मऊ भात पुरत होता, आणि कुणाशी बोलावंसंही वाटत नव्हतं. सुतक फिटलं त्या दिवशी कवळी लावली तर एका बाजूने ती टाळूला टेकेचना. दुसऱ्या बाजूची कड हिरडीत रुतली. एवढ्यात हिरड्या आक्रसल्या असतील, असं मी धरून चाललो.

हिर्डोशीहून आलेली माझी थोरली बहीण जेवताना माझ्याकडे बघत होती.

“तोंड का असं केलंस, कारलं खाल्ल्यावानी?”

“कवळी रुततीय.”

“आता कशी रुतंल? म्या सोता सवच्छ केलीय. घरातलं समदं उकळत्या पाण्यातनं काढलं, भांडी, कापडं. तुजी दाताची वाटीबी सोडली न्हाई. सुतक कशाला ऱ्हाऊ द्यायचं तोंडात?”

मी घास फिरवत राहिलो. तिने घर शुद्ध केलं होतं. भावजय गेल्यावर नणंदेने करायचं ते सगळं तिने हात भाजेपर्यंत केलं होतं. उकळत्या पाण्याने कवळी वाकते, हे तिला सांगून काय मिळणार होतं?

बहीण हिर्डोशीला परत गेल्यावरही मी तीच कवळी वापरत राहिलो. नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खायचो. हिरडीला फोड आला, तो फुटला, तिथेच दुसरा आला. दुखणं फार झालं की ती काढून बसायचो आणि आरशासमोरून जाताना पुन्हा लावायचो. बायकोने पाहिलेलं माझं शेवटचं तोंड हेच होतं.

अखेर ताप आला, तेव्हा एसटी बदलून भोरला गेलो. डॉक्टरांनी कवळी बोटांत फिरवली.

“गरम पाण्यात पडली होती का?”

“पडली.”

“ही घासून बसायची नाही. नवीन माप घ्यावं लागेल. बाई नाही आल्या आज?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावरचे नुकते उगवलेले खुंट पाहिले आणि पुढे विचारलं नाही. हिरडी बरी झाल्यावर माप घेतलं. पट्टी समोर आली तेव्हा मी वाकडी कवळीच पुढे केली.

“हाच रंग.”

नवी कवळी चांगली बसली. फोड येत नाही, भाकरी चावता येते. वर्तमानपत्र मात्र मी मनातच वाचतो.

तिसऱ्या महिन्याच्या श्राद्धाला बहीण आली. माझ्याकडे निरखून पाहत म्हणाली, “आता कसं, पैल्यावानी दिसतुयास.”

जेवणं झाल्यावर ती भांडी गोळा करायला लागली. खिडकीतली वाटी उचलून थांबली. आत पाण्यात जुनी कवळी होती.

“हीबी धुऊन ठिऊ?”

“नको,” मी म्हणालो. “तिचं पाणी मी बदलतो.”

तिने वाटी जागच्या जागी ठेवली.